फुफीचा हिस्सा

ईदच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे बासी ईदला, किनाऱ्याजवळची कुटुंबे मुलांना घेऊन समुद्रावर जातात. आमच्या शहापूर-मुरबाडला समुद्र नाही. आम्ही त्या दिवशी आधी कब्रस्तानात जातो आणि मग नातलगांकडे. यंदाही आम्ही दोघे भाऊ मुलाबाळांसह सकाळीच निघालो.

अब्बांची कबर शहापुरात आहे. कच्चीच ठेवली आहे. गेल्या पावसात खचलेली माती हाताने सारखी केली, यासीन पढली, दुआ मागितली. पण दोघांच्याही मनात एकच गोष्ट होती. शेवटच्या आजारपणात अब्बा पुन्हापुन्हा म्हणत होते, “आपाचं बघा.”

आपा म्हणजे त्यांची थोरली बहीण, आमची फुफी. दादी आधीच गेल्या होत्या. दादा वारले तेव्हा वारस दोघेच होते, अब्बा आणि फुफी. सूरह निसामधल्या हिशोबाने तीन हिस्से करायचे, दोन मुलाचे, एक मुलीचा. पण फुफीची हक्कसोडपत्रावर सही घेतली गेली आणि सगळी जमीन अब्बांच्या नावावर झाली. ‘बहिणीने खुशीने सोडले’ असे सगळे म्हणतात. तिची खुशी कोणी विचारलेली नसते.

शाळेत आम्ही उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. उर्दूतला ‘हक’ मराठीत ‘हक्क’ होतो, हे फळ्यावर लिहून दाखवतो. त्याच शब्दाला ‘सोड’ जोडून आमच्याच घरात कागद झाला होता, याचा विचार मात्र अब्बा गेल्यावर केला.

किन्हवलीवरून सरळगावकडे निघालो. वाटेत एका पाड्याजवळ हंड्यांची रांग लागलेली होती. तानसा आणि भातसाचे पाणी शहापूर तालुक्यातून मुंबईला जाते, आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातले पाडे टँकरची वाट पाहतात. मोठी मुलगी म्हणाली, “पाणी इथलं, मग इथल्या लोकांनाच का नाही?” आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि गप्प राहिलो.

फुफीकडे तांदळाच्या भाकऱ्या आणि मटणाचा रस्सा तयारच होता. जेवणे झाल्यावर आम्ही विषय काढला. “फुफी, तुमचा हिस्सा आमच्याकडे राहिलाय. अब्बांना माफ करा.”

फुफी पानदान पुढे ओढत म्हणाल्या, “माफ तर मी त्याच दिवशी केलं. सही केली नसती तर माहेरचा दरवाजा बंद झाला असता. भाऊ एकच होता.” मग थोड्या वेळाने म्हणाल्या, “पण माफ केलं म्हणजे घेणार नाही, असं नाही हां. मला पैसे नकोत. बाबांच्या जमिनीवर माझं नाव पाहिजे.”

आम्ही हसलो, त्याही हसल्या. पण धाकट्या भावाच्या चेहऱ्यावरची काळजी लपली नाही. त्याला त्या जमिनीवर घर बांधायचे आहे. परतीच्या वाटेवर तो स्वतःच म्हणाला, “घर लहान बांधू. अब्बांच्या मानेवर ओझं ठेवून मोठं कशाला?”

निघण्यापूर्वी फुफीला घेऊन दादा-दादींच्या कबरींकडे गेलो होतो. त्यांच्या गावात बायका आत जात नाहीत. फुफी कुंपणाबाहेर उभ्या राहून पढत राहिल्या. त्यांनी काय मागितले, आम्ही विचारले नाही.

आता मोजणी करून घ्यायची आहे, नवा दस्त करायचा आहे, मग सातबाऱ्यावर नाव चढवायचे आहे. वेळ लागेल, खर्चही होईल. पण वाटणीच्या आधी कर्ज फेडायचे असते, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. बहिणीचा राहिलेला हिस्सा हे कर्जच आहे.

आपणही पुढच्या वेळी कब्रस्तानातून घरी आल्यावर कपाटातला तो जुना कागद एकदा काढून वाचा. ज्यांची सही त्यावर आहे, त्या फुफी, त्या आपा हयात आहेत तोवर.