वहीतल्या चुकांचा अभ्यास

भाषा शिकवणाऱ्याच्या हाती रोज काय पडतं? चुका. व्याकरणाची पुस्तकं कपाटात बरी असतात, पण मूल भाषा कशी शिकतं याचा खरा पुरावा तपासायला आलेल्या वह्यांत सापडतो. चिखलीत महाविद्यालयात इंग्रजी शिकवताना आणि आसपासच्या जिल्हा परिषद शाळांतल्या वह्या चाळताना माझी नोकरी सरली. एवढ्या काळात माझं एक मत पक्कं झालं : लाल पेन उचलण्याआधी चूक नीट वाचावी.

सातवीतल्या एका मुलीची वही घ्या. जुलैत ती 'वेंट' बरोबर लिहिते, कारण ते पाठ केलेलं असतं. दिवाळीच्या सुमारास त्याच वहीत 'गोएड' दिसू लागतं. पोरगी मागे गेली, असं गुरुजींना वाटतं. खरं म्हणजे 'वॉक्ड', 'प्लेड', 'कुक्ड' यांच्यामागचा नियम आता तिचा तिलाच गवसलेला असतो आणि तो ती जिथं तिथं लावून बघत असते. पुढे 'वेंट' परत येतं, आणि या वेळी ते समजून आलेलं असतं. आपल्या घरात मराठी बोलू लागलेलं लेकरूही याच वाटेनं जातं. आधी ऐकलेलं 'केलं' म्हणतं, मग 'मी करलं' म्हणू लागतं, आणि यथावकाश 'केलं'वर येतं. 'करलं' ऐकून कुठलीही आई त्याचे गुण कापत नाही. ती हसून उत्तर देते, बोलणं चालू ठेवते. शाळेत मात्र त्याच पायरीला आपण अर्धा गुण वजा करतो.

हा विचार माझ्या पदरचा नाही. 1967 मध्ये पिट कॉर्डर यांनी मांडलं, की शिकणाऱ्याच्या चुकांतून त्याच्या मनात तयार होत असलेल्या नियमांचा माग लागतो. 1972 मध्ये लॅरी सेलिंकर यांनी त्यापुढे जाऊन सांगितलं, की मातृभाषा आणि शिकायची भाषा यांच्यामध्ये शिकणाऱ्याची स्वतःची अशी एक भाषा उभी राहते, आणि तिलाही शिस्त असते. कधी कधी ती एखाद्या टप्प्यावर गोठूनही बसते. म्हणूनच कुठली चूक आपोआप ओलांडली जाईल आणि कुठली रुतून बसेल, हे ओळखणं ही आमच्या कामातली खरी कसोटी.

ती ओळख वह्या ताडून पाहिल्यानं येते. 'आय हॅव सीन हिम येस्टरडे' या वाक्यामागे आपलं 'मी त्याला काल पाहिलं आहे' सरळ दिसतं. 'अ', 'ॲन', 'द' यांची गळती होते, कारण मराठीत तशी सोयच नाही. पण 'ही गो टू स्कूल'मधला गळालेला 'एस' जगभर दिसतो. ज्यांच्या घरच्या भाषा अगदी वेगळ्या आहेत, त्या मुलांनाही तो उशिराच साधतो. म्हणून मी एका निबंधात एकाच जातीच्या चुकांवर खूण करतो. अख्खं पान लाल झालं की मूल पुढच्या वेळी तीनच वाक्यं लिहितं, तीही पाठ केलेली.

शिकवण्याची रीत मला एन. एस. प्रभूंकडून मिळाली. 1979 ते 1984 या काळात दक्षिणेतल्या काही शाळांत त्यांनी बंगलोर प्रकल्प राबवला. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांना सोडवायला कामं दिली : नकाशे, रेल्वेची वेळापत्रकं, हिशेब. लक्ष अर्थावर असलं की भाषेची घडण आतल्या आत होते, असा त्यांचा विश्वास. चिखलीत रेल्वे नाही, म्हणून मी एसटीचं वेळापत्रक वर्गात आणलं. आजी जालन्याहून देऊळगाव राजामार्गे येणार, तिला पुढे खामगाव गाठायचं आहे. मधे किती वेळ मिळेल? लोणार बघून संध्याकाळी परतायचं, तर मेहकरहून कुठली गाडी धरावी? मुलं वाद घालतात, अडखळत इंग्रजीत बोलतात आणि चुका करतात. गाडी चुकू द्यायची नाही, एवढंच त्या वेळी त्यांच्या डोक्यात असतं.

घाटाखालून आलेला एक विद्यार्थी म्हणाला होता, "सर, मले समजते सगळं, पण बोलाले गेलं की सुचत नाही." त्याच्या घरी वऱ्हाडी, पुस्तकात प्रमाण मराठी, बाजारात हिंदी, वर्गात इंग्रजी. चार भाषा सांभाळणाऱ्या त्या पोराला आपण 'भाषेत कच्चा' म्हणतो, हे मला कधीच पटलं नाही. त्याला मी आधी वऱ्हाडीतच वाद घालू दिला, मग तोच वाद इंग्रजीत मांडायला सांगितला. विचार तयार होता, म्हणून शब्दही येत गेले.

2000 साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आली. तेव्हापासून गावोगावच्या शाळांत संशोधनाचं केवढं तरी साहित्य तयार होतंय आणि वर्ष संपलं की रद्दीत जातंय. तरुण शिक्षकांना माझं कळकळीचं सांगणं आहे : एका वर्गाच्या वह्या तरी जपा, त्यांवर तारखा घाला आणि जूनचं पान मार्चच्या पानाशेजारी ठेवून वाचा. आपली मुलं कशी शिकतात, हे आपल्याशिवाय दुसरं कोणी लिहून ठेवणार नाही.