मूळचे कुठले जी तुम्ही?

गाडगेबाबांचं घरचं नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म 1876 सालचा, अंजनगाव सुर्जीकडच्या शेणगावातला. वडील लवकर गेले आणि आई सखुबाई पोराला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला, माहेरी आली. जन्म शेणगावचा, बालपण दापुऱ्याचं आणि आडनाव जानोरकर! वऱ्हाडातल्या शाळकरी पोरांना हे चरित्र तोंडपाठ असतं, पण त्या आडनावापाशी सहसा कुणी थांबत नाही. जानोरीतच राहणाऱ्याला कोण कशाला जानोरकर म्हणेल? झिंगराजींच्या आधी, कुठल्याशा पिढीत, एका परीट कुटुंबाने आपलं गाव सोडलं असणार. दुष्काळाने, कर्जाने, भाऊबंदकीने की नव्या गावाला परीट हवा होता म्हणून, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. गाव सुटलं एवढीच नोंद आडनावात राहिली.

दुसऱ्या टोकाला पापळचे पंजाबराव देशमुख. त्यांच्या घराण्याचं आडनाव कदम. देशमुखीचं वतन आलं आणि कदम मागे पडलं. गरिबाचं आडनाव त्याचा प्रवास सांगतं, वतनदाराचं त्याचा अधिकार.

आज अकोल्या-अमरावतीत पूर्वजांचा शोध घेणाऱ्या माणसाच्या हातात बहुधा पोरीचा प्रवेश अर्ज असतो. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गीयांसाठी 13 ऑक्टोबर 1967. त्या तारखेला किंवा तिच्या आधी घराणं इथलंच होतं, हे जात पडताळणी समितीपुढे कागदाने दाखवावं लागतं. मग तहसिलीतल्या रेकॉर्ड रूमकडे खेटे सुरू होतात आणि हाती येतं कोतवाल बुक. गावातले जन्म-मृत्यू या बुकात चढत. त्यात बाळाचं नाव बहुतेक वेळा नसतंच. बापाचं नाव, जात, तारीख आणि पुढे नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. तो बिननावाचा मुलगा म्हणजेच आपला आजा, हे सिद्ध करताना घराणी घायकुतीला येतात. जुनी पानं मोडीत असतात. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना महाराष्ट्रभर एकाएकी मागणी आली. मराठीतलं सगळ्यांत थोर कौटुंबिक दफ्तर म्हणून बखरींच्या आधी या कोतवाल बुकांचं नाव घ्यायला हवं. बखर सरदारांची लिहिली गेली; कोतवालाच्या बुकात सालदाराच्या झोपडीतला पाळणाही आला.

आईचं नाव मात्र तिथेही अनेकदा नाही. वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रात पणजा, आजा, बाप, मुलगा अशी सरळ उभी रेघ उतरत येते. वऱ्हाडातल्या निम्म्या माणसांनी आयुष्यात एकदा तरी गाव बदललं, तेही लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, दमणीत बसून. त्या प्रवासांना कुठल्याच रेघेत जागा नाही. पणजी कुठल्या गावची होती हे घरातली एखादी म्हातारी सांगू शकते. ती गेली की तो रस्ता बुजतो.

अमेरिकेत पूर्वज शोधणाऱ्यांचं एक मोठं स्वप्न असतं मेफ्लॉवर. 1620 साली अटलांटिक ओलांडून गेलेलं हे जहाज. 102 उतारू, त्यांची नावं ठाऊक, आणि 1897 पासून त्यांच्या वंशजांची रीतसर संस्था. त्यानंतर दहाएक वर्षांनी, 1630 च्या सुमारास, मोगल सरदार आसफखानाच्या फौजेमागून धान्याचे बैल हाकत बंजाऱ्यांचे तांडे दख्खनेत उतरले. भंगी आणि जंगी या राठोड नाईकांचे 1,80,000 बैल, भगवानदास वडतियाचे 52,000, असं परंपरा सांगते. चारापाण्याची अडचण सांगून नाईक मागे रेंगाळू लागले, तेव्हा खानाने त्यांना वाटेतल्या पाण्यावर, छपराच्या गवतावरही हक्क देणारा ताम्रपट सोन्याच्या अक्षरांत कोरून दिला. ही हकिकत लिहून ठेवली ती वऱ्हाड पोलिसातल्या कंबरलेज या साहेबाने, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. बैलांचा आकडा लक्षात राहिला. माणसं किती होती, बाया किती, पाठीवरची पोरं किती, ते कुणी मोजलं नाही.

पूर्वजांच्या गावाची ओढ माणसाला कुठवर नेते, याचं वऱ्हाडशी जोडलेलं सगळ्यांत विलक्षण उदाहरण पाथरीचं. पाथरी आज परभणी जिल्ह्यात आहे. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला ती एलिचपूरच्या, म्हणजे अचलपूरच्या, इमादशाहीत होती. अहमदनगरच्या गादीवर तेव्हा कोवळ्या वयाचा बुऱ्हाण निजामशहा. त्याचा आजा मलिक हसन हा जन्माने ब्राह्मण. विजयनगरच्या मुलखात बहमनी फौजेच्या हाती सापडलेला एक पोरगा मुसलमान झाला आणि चढत चढत बहमनी राज्याचा वजीर झाला. त्याचं घराणं मात्र विजयनगरचंही नव्हे. इतिहासकार फरिश्ता सांगतो की हे लोक मुळात पाथरीचे कुलकर्णी. गाव सोडून दक्षिणेत गेलेले. फरिश्ता स्वतः तरुणपणी अहमदनगरच्या दरबारी होता, त्यामुळे ही गोष्ट त्याने घरच्याच माणसांकडून ऐकली असावी. आपल्यातलाच एक वंश गादीवर बसला हे कळल्यावर पाथरीचे भाऊबंद नगरला आले. त्यांना भेटल्यावर बुऱ्हाणच्या दरबारातून एलिचपूरला पत्र गेलं: पाथरी आमच्या पूर्वजांची, ती आम्हाला द्या, बदल्यात जास्त वसुलाचा दुसरा मुलूख घ्या. धर्म बदललेला, मुलूख बदललेला, तीन पिढ्या उलटलेल्या आणि राजा कुलकर्ण्यांचं एक गाव मागत होता!

अलाउद्दीन इमादशहाने नकार दिला आणि पाथरीला किल्ला बांधायला घेतला. 1518 मध्ये बुऱ्हाणने गाव जिंकून घेतलं. पुढे अलाउद्दीनने ते परत मिळवलं आणि 1527 मध्ये पुन्हा गमावलं. ते गाव त्या ब्राह्मण नातलगांना इनाम मिळालं आणि अकबराच्या काळापर्यंत त्यांच्याकडे राहिलं, असंही फरिश्त्यानेच लिहिलंय. पाथरीवरून झालेल्या या लढायांत मेलेल्या शिपायांची गावं कोणती होती?

नकार देणाऱ्या अलाउद्दीनचं घराणंही अगदी तसंच. त्याचा बाप फतहउल्ला इमाद-उल-मुल्क हा विजयनगरकडचा कानडी हिंदू मुलगा, लढाईत पकडलेला, वऱ्हाडच्या सुभेदाराच्या पदरी वाढलेला. त्याने मूळ गाव मागितल्याचं कुठे येत नाही. पण चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडाच्या दरवाजावर दोन तोंडांचा गंडभेरुंड हत्ती पकडून उभा आहे, आणि हे विजयनगरचं चिन्ह इथवर कसं आलं याचं उत्तर अभ्यासक फतहउल्लाच्या जन्मभूमीत शोधतात. पाथरीच्या युद्धापेक्षा ही आठवण कितीतरी सुंदर.

तो गाविलगड 15 डिसेंबर 1803 रोजी आर्थर वेलस्लीने घेतला. त्याच्या फौजेच्या पोटाची भिस्त बंजाऱ्यांच्या बैलांवर होती. ज्यांनी आसफखानाला धान्य पुरवलं, त्यांच्याच जातभाईंनी पावणेदोनशे वर्षांनी इंग्रजांना पुरवलं. 1867 मध्ये रेल्वे अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचली आणि मिठाच्या, गल्ल्याच्या गोण्या वाघिणींत चढल्या. बैलांचं काम संपत गेलं, तांडे थांबले, जंगलालगतच्या जमिनी फोडून ज्वारी-कापूस पेरू लागले. वस्तीला नाईकाचं नाव पडलं. गहुलीचा तांडा वसवणाऱ्या चतुरसिंग नाईकांचे नातू वसंतराव 1963 मध्ये मुख्यमंत्री झाले. या लोकांची वंशावळ ढाडींच्या तोंडी होती, ते ती गाऊन सांगत. रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेत अनोळखी माणसं भेटली की आधी गोत विचारतात, राठोड की पवार की चव्हाण, मग त्यातला पाडा, आणि तेवढ्यावर सोयरीक जमते की नाही तेही ठरून जातं.