आठ जोड्यांची केबल

बोरिवलीतल्या दहा बाय अकराच्या खोलीत स्टुडिओ थाटायचा म्हणजे पहिली अडचण जागेची. बाजारात तयार मल्टिकोअर केबल मिळते ती तीन मीटरची, नाहीतर पाच मीटरची. माझ्या प्रीअँपपासून इंटरफेसपर्यंतचं अंतर भिंतीचा कोपरा धरूनही दोन मीटर भरत नाही. उरलेल्या केबलचं वेटोळं रॅकमागे कोंबायचं, तर तिथेच अडॅप्टर, तिथेच धूळ, आणि एखादी तार तपासायला अख्खा रॅक पुढे ओढायचा. म्हणून आठ चॅनेलची केबल मी स्वतः बनवतो. ती मापात बसते हे खरंच; पण त्याहून मोठी गोष्ट ही की तिचा प्रत्येक सांधा माझ्या हातातून गेलेला असतो. घरच्या स्टुडिओत रेकॉर्डिस्टही मीच आणि दुरुस्ती करणाराही मीच. गायिका हेडफोन लावून बसलेली असताना पाचव्या चॅनेलला खरखर आली, तर कुठे बघायचं हे तिथल्या तिथे कळायला हवं.

सामानासाठी स्लो लोकलने ग्रँट रोड, आणि पूर्वेला उतरून लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असलं तरी विचारताना सगळे जुनंच नाव घेतात. केबल घेताना टोकाचा तुकडा सोलून बघावा. आत आठ जोड्या, प्रत्येक जोडीवर स्वतंत्र फॉइल आणि त्या फॉइलला चिकटून जाणारी एक उघडी तार हवी. मग तारेच्या एका धाग्यावर ब्लेड घासायचं. खाली लालसर तांबं दिसलं तर ठीक. कितीही खरवडलं तरी पांढरंच राहिलं, तर आत ॲल्युमिनियम आहे, ती केबल परत ठेवावी. चांगले दुकानदार याचा राग मानत नाहीत.

या केबलची सगळी करामत त्या जोडीत आहे. एकाच आवाजाचा सिग्नल एका तारेतून सुलटा जातो, दुसरीतून उलटा. वाटेत घरातल्या वायरिंगची 50 हर्ट्झची घरघर दोन्ही तारांना सारखीच चिकटते. पलीकडचं यंत्र दोन्हींतला फरक तेवढा घेतं, आणि सारखं असलेलं गळून पडतं. तारांना पीळ असतो तो यासाठीच, दोघींच्या वाट्याला सारखाच उपद्रव यावा म्हणून. अलेक्झांडर ग्रॅहम बेलने या पिळाचं पेटंट घेतलं ते 1881 साली, टेलिफोनसाठी. मुंबईत पहिलं एक्स्चेंज सुरू झालं 1882 मध्ये. घरघरीचं कारण मात्र आपल्याकडे वाढलेलंच आहे. पश्चिम रेल्वेच्या लोकल 1500 व्होल्ट डीसीवर धावत. 2012 पासून त्या मार्गावर सगळीकडे 25 हजार व्होल्ट एसी आहे, आणि तोही 50 हर्ट्झचाच. म्हणून सोल्डरपाशी पीळ जितका कमी उलगडेल तितका बरा. बोटाच्या पेरापेक्षा जास्त मी कधी उलगडत नाही.

एका टोकाला आठ फीमेल एक्सएलआर, दुसऱ्या टोकाला एकच डीबी-25. इथेच खरं कसब. पंचवीस पिना दोन ओळींत, प्रत्येकीच्या पाठीला तांदळाएवढी वाटी. आधी प्रत्येक उघड्या तारेवर स्लीव्ह चढवायची, नाहीतर शेजारच्या दोन चॅनेलची शील्ड एकमेकींना टेकते. मग वाटीत थोडं सोल्डर, तारेच्या टोकाला थोडं सोल्डर. कल्हईवाला भांडं तापवून नवसागर टाकतो आणि मग कथील फिरवतो, तसंच हे: इथे नवसागराच्या जागी राळ असते, सोल्डरच्या तारेच्या पोटातच भरलेली. मी 63 टक्के कथील आणि 37 टक्के शिशाचं सोल्डर वापरतो. ते 183 अंशांला एकदम वितळतं आणि एकदम घट्ट होतं, मधली लिबलिबीत अवस्था नाही. त्यामुळे हात किंचित हलला तरी सांधा फसण्याची भीती कमी. वाटी तापली की तार आत सरकवायची, आयर्न काढायचं, तार धरून ठेवायची. सांधा चकचकीत आणि तारेच्या अंगावर चढलेला दिसला पाहिजे. मळकट गोळा झाला असेल तर पुन्हा तापवायचा. काम चालू असताना समोर दुसरा डीबी-25 जोडून ठेवावा, म्हणजे उष्णतेने प्लॅस्टिक मऊ झालं तरी पिना वाकत नाहीत. खिडकी उघडी ठेवावी आणि शिशामुळे हात धुतल्याशिवाय चहाला हात लावू नये.

पिनांची मांडणी मी टास्कॅमची धरतो, आज तेच एईएस59 हे मानक आहे. पहिल्या चॅनेलची सुलटी तार 24 वर, उलटी 12 वर, शील्ड 25 वर. तिथून सुरू होऊन आठवा चॅनेल 1, 14 आणि 2 वर संपतो. 13 रिकामी. मागून पाहताना आकडे आरशासारखे उलटे येतात, त्यामुळे चित्रावर भिस्त ठेवू नये, कनेक्टरवर कोरलेला बारीक आकडा वाचावा.

मल्टिमीटरने सगळ्या पिना तपासून झाल्या तरी मी कानाने तपासतोच. एकाच चॅनेलच्या एक्सएलआरमध्ये 2 आणि 3 ची अदलाबदल झाली, तर तो चॅनेल एकटा ऐकताना काहीच कळत नाही. पण तबल्यावर एक माइक आणि डग्ग्यावर दुसरा लावला, की डग्ग्याचा घुमार कुठेतरी जिरतो, बोल पोकळ वाटतात, आणि माणूस माइकची जागा बदलत बसतो. म्हणून दोन एकसारखे माइक तोंडापाशी शेजारी धरायचे, सारख्या पातळीवर बोलायचं. आवाज भरला तर जोड सरळ. पातळ झाला तर एक उलटी. अशी प्रत्येक चॅनेलची पहिल्याशी गाठ घालून बघतो.

मुलुंडच्या एका मित्राने अशीच केबल विकत मागितली. मी विकत देत नाही. सामान घेऊन ये, म्हटलं. पहिले चार चॅनेल मी केले, तो बघत बसला. पाच ते आठ त्याच्या हातून करवून घेतले. पाचव्याला वेळ लागला, सातव्यापर्यंत हात बसला. आठव्याची शील्ड त्याने स्वतःच उकलून पुन्हा लावली, मी काही बोलण्याआधीच.