पैरा बुडवणारा

दिसायला चारचौघांसारखा फोन. शर्टाच्या खिशात मावणारा, बॅटरी साठ टक्के. स्वतःचा निरोप असला की आवाज खणखणीत. दुसऱ्याचा आला की घसा बसतो. नेटवर्कवाले त्याला स्वार्थी नोड म्हणतात.

त्याचा स्वभाव कळायला ऑगस्ट 2019 च्या महापुरासारखे दिवस लागतात. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट. तेव्हा पाणी 55 फुटांवर गेलं. चिखली-आंबेवाडी पाण्यात, शिरोलीपाशी महामार्ग बंद. असल्या वेळी कामाला यावं ते टॉवरशिवाय चालणारं मोबाईल ॲड हॉक नेटवर्क. चिखलीच्या माडीवरचा फोन शेजारच्या फोनला निरोप देणार, तो बोटीतल्याला, असं करत सोनतळीपर्यंत. शेतातला पैराच हा: आज तुझ्या भांगलणीला मी, उद्या माझ्या भांगलणीला तू. आमचा गडी आपली भांगलण उरकून घेतो आणि दुसऱ्याच्या दिवशी गायब होतो.

भांडण नाही, हल्ला नाही. वाट विचारली तर ‘या की माझ्याकडनं’ म्हणतो आणि निरोपाचं पॅकेट हाती पडलं की गिळून बसतो. तेवढीच बॅटरी वाचली.

त्याला पकडायला 2000 साली स्टॅनफर्डच्या सर्जिओ मार्टी आणि सहकाऱ्यांनी ‘वॉचडॉग’ सुचवला. रेडिओ चौफेर बोलतो. शेजाऱ्यानं पॅकेट पुढं धाडलं तर ते देणाऱ्यालाही ऐकू येतं. ठरल्या वेळेत आलं नाही की एक खूण. खुणा मर्यादेपलीकडं गेल्या की गडी बदनाम. मग जोडीचा ‘पाथरेटर’ त्याला टाळून वाट काढतो. म्हणजे याला हवं तेच! ओझं टळलं, आणि याचे निरोप इतर नेतातच. म्हणून 2002 च्या ‘कॉन्फिडंट’ पद्धतीत बुशेगर आणि ले बुदेक यांनी त्याचेही निरोप अडवायचं ठरवलं.

पण दोन पॅकेटं हवेत आदळली तरी काही ऐकू येत नाही. बोट लांब गेली तरी नाही. बॅटरी संपत आलेला बिचारा फोनही गप्पच. वॉचडॉगच्या लेखी अडलेला आणि बुडवणारा सारखाच. म्हणून शिक्षा करावी, पण मुदतीची. मुदत सरली की पुन्हा एक पॅकेट देऊन बघावं. खरंच अडलेला असेल तर चार्जिंग मिळताच पुढं धाडेल. आमचा गडी असेल तर पुन्हा सापडेल, आणि त्यात फार तर एक पॅकेट जाईल.