मामा वर भेटेल का?

रात्री साडेनऊला नगरहून आजीचा फोन येतो. प्रश्न ठरलेले असतात. जेवलीस का? बंगळूरला पाऊस आहे का? रविवारी चर्चला गेली होतीस का? पहिल्या दोन प्रश्नांची मी खरी उत्तरं देते.

गेल्या पावसाळ्यात मामा गेला. तेव्हापासून फोन ठेवण्याआधी आजी चौथा प्रश्नही विचारते. "बाळा, तू एवढी शिकलीस. मला एक सांग, तुझा मामा वर भेटेल का गं मला?"

मी कंटेंट रायटर आहे. वाचकांच्या प्रश्नांची आठशे शब्दांत उत्तरं लिहिणं हेच माझं काम. पण आजीच्या या प्रश्नावर दरवेळी मी "भेटेल गं" असं पुटपुटते आणि विषय बदलते.

मामा तरुणपणी संडे स्कूलमध्ये मुलांना शिकवायचा. उपासनेत पेटी वाजवायचा. मग मामी गेली. मामाने कुणाशी भांडण केलं नाही, धर्म बदलला नाही, फक्त चर्चमध्ये जाणं थांबवलं. पुढे पिणंही सुरू झालं. अठरा वर्षं हे असंच चाललं. दर रविवारी तो आजीला स्कूटरवरून चर्चच्या फाटकापर्यंत सोडायचा, समोरच्या टपरीवर चहा पीत बसायचा आणि उपासना सुटली की तिला घरी घेऊन यायचा. फाटकाच्या आत मात्र आला नाही.

मामा गेल्यावर घरी प्रार्थनेची बैठक झाली. बाहेरून आलेल्या एका वक्त्याने तिथे सांगितलं की ज्याने एकदा प्रभूची चव घेतली आणि मग पाठ फिरवली, त्याचं तारण गेलं. त्याने नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. आजी उठून आत गेली आणि सगळ्यांसाठी चहा टाकला.

ज्यांना हा शब्द ओळखीचा नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही ख्रिस्ती घरांत 'तारण' म्हणतो तेव्हा बँकेत ठेवलेलं तारण मनात नसतं. तारणं म्हणजे वाचवणं, पैलतीराला नेणं. पापाची क्षमा आणि देवाजवळ कायमचं जीवन. हे माणसाच्या पुण्याईने मिळत नाही, देवाच्या कृपेने मिळतं, असं आम्हाला लहानपणापासून शिकवतात. मग प्रश्न उरतो तो आजीचा. कृपेने मिळालेलं आपल्या वागण्याने हरवू शकतं का?

गंमत म्हणजे बायबलमध्ये दोन्ही बाजूंना आधार आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू आपल्या मेंढरांबद्दल बोलतो आणि त्यांना त्याच्या हातातून कुणीही हिसकावून घेऊ शकणार नाही, अशी ग्वाही देतो. दुसरीकडे इब्री लोकांस पत्राचा सहावा अध्याय आहे. ज्यांना प्रकाश मिळाला आणि जे नंतर पतित झाले, त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य आहे, असा तिथे कडक इशारा आहे. आमच्याकडे आलेला वक्ता याच अध्यायावर बोलत होता.

यावर शहाण्या माणसांनी शतकानुशतकं वाद घातले आहेत. जॉन कॅल्व्हिनच्या परंपरेने म्हटलं की देवाने ज्याला खरोखर धरलं तो शेवटपर्यंत टिकतोच. नेदरलँड्समधल्या डॉर्ट गावी १६१८-१९ मध्ये भरलेल्या धर्मसभेने ते ठरावातच घातलं. अठराव्या शतकात मेथडिस्ट चळवळ उभी करणाऱ्या जॉन वेस्लीचं मत उलट होतं. विश्वासणारा घसरू शकतो, म्हणून त्याने जागं राहावं, असं तो शिकवायचा. कॅथलिक शिकवणीत गंभीर पापाने कृपा गमावली जाते, पण पापकबुलीच्या संस्कारातून ती परतही मिळते.

आमच्या नगरमध्ये ख्रिस्ती मंडळी उभी राहिली ती १८३१ साली तिथे पोचलेल्या अमेरिकन मराठी मिशनमुळे. ती कॅल्व्हिनच्या वळणाची माणसं. इकडे बंगळूरमध्ये ज्या कन्नड चर्चवरून हडसन सर्कल ओळखलं जातं, ते हडसन वेस्लीच्या परंपरेतले मिशनरी. म्हणजे मी एका मताच्या गावातून दुसऱ्या मताच्या शहरात आले म्हणायची! पण २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा या दोन्ही परंपरांतल्या मंडळ्या त्यात एकत्र आल्या. दक्षिणेत हे १९४७ सालीच झालं होतं. ज्यांच्या पूर्वजांचं या प्रश्नावर एकमत झालं नाही, ते आज एकाच मेजावरून प्रभुभोजन घेतात. हे वाचून मला बरं वाटलं. पण आजीला फोनवर डॉर्टची धर्मसभा काय सांगणार?

मल्लेश्वरममध्ये माझ्या खोलीच्या खाली एक अय्यंगार अम्मा राहतात. एकदा त्यांच्याबरोबर शेंगा सोलताना मी आजीचा प्रश्न त्यांना सांगितला. त्या हसल्या. म्हणाल्या, "अगं, हे भांडण आमच्याकडेही आहे. माकडाचं आणि मांजरीचं."

माकडाचं पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून असतं. हात सुटला की पडलं. मांजरीचं पिल्लू काहीच करत नाही. आईच त्याला मानगुटीला धरून नेते. देव माणसाला कसा तारतो, यावर श्रीवैष्णवांमध्ये दोन पंथ आहेत. वडकलै माकडाच्या पिल्लाचा दाखला देतात, तेंकलै मांजरीच्या. कपाळावरचं नाम पाहूनही दोघे ओळखू येतात, एकाचं इंग्रजी यूसारखं, दुसऱ्याचं वायसारखं. "आमचे सासरे आणि माझे वडील यावर तासन् तास वाद घालायचे," अम्मा म्हणाल्या, "आणि मग एकत्र जेवायचे."

दोन्ही धर्मांचा देवाविषयीचा विचार एक नाही, हे मला कळतं. पण भीती तीच आहे. माझा हात सुटला तर?

डिसेंबरात पुण्याला एका मैत्रिणीचं लग्न होतं. उद्यान एक्सप्रेसने निघाले. दौंड गेल्यावर थोड्या वेळाने केडगावची पाटी मागे सरकली. नगरजवळचं नव्हे, पंडिता रमाबाईंचं केडगाव. रमाबाईंनी तिथे उभ्या केलेल्या कामाचं नाव मुक्ती. लहानपणी मला वाटायचं, एवढं मोठं काम करणाऱ्या बाईला विश्वासाची कधी अडचण आलीच नसेल.

पण तसं नव्हतं. रमाबाईंचा आणि त्यांच्या लेकीचा, मनोरमेचा, बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. त्यानंतर थोड्याच काळात त्या चर्चच्या शिकवणीतल्या अनेक गोष्टींवर प्रश्न विचारू लागल्या. समजल्याशिवाय त्या मान डोलावणाऱ्या नव्हत्या. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांना त्या पत्रांत प्रेमाने 'आजीबाई' म्हणत. त्या आजीबाई काळजीत पडल्या. ही पोरगी भलतीकडे तर चालली नाही ना? दोघींचा तो पत्रव्यवहार आज पुस्तकात वाचायला मिळतो. त्यात रागही आहे, मायाही आहे. पुढे रमाबाईंनी आपल्या साक्षीत स्वतःच लिहिलं की बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण प्रत्यक्ष ख्रिस्त सुमारे आठ वर्षांनी सापडला.

मग त्या मधल्या वर्षांचं काय? तेव्हा त्यांचं तारण झालेलं होतं की नव्हतं? मिळून हरवलं होतं की मिळालंच नव्हतं? त्या वर्षांतच त्यांनी १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं होतं. पुढे केडगावला ज्या स्त्रियांना समाज 'पतित' म्हणून हाकलत होता, त्यांच्यासाठीही त्यांनी एक घर बांधलं. त्याला सुधारगृह असं नाव दिलं नाही. नाव दिलं कृपा सदन.

गाडीत बसून मी ते दोन अध्याय फोनवर पुन्हा वाचले. या वेळी एक गोष्ट लक्षात आली. दोन्ही वचनं एकाच माणसाला एकाच वेळी सांगायची नसतात. 'तुला कुणी हिसकावून घेऊ शकत नाही' हे घाबरलेल्या मेंढरासाठी आहे. 'सांभाळ, घसरशील' हे त्यासाठी आहे ज्याला वाटतं, आपलं काय, आपण कधीही परत येऊ. आमच्या घरी त्या दिवशी इशारा रडणाऱ्या आईला दिला गेला आणि आश्वासन कुणालाच मिळालं नाही. पुस्तक बरोबर होतं, माणूस चुकला होता.

लग्न आटोपून मी पुण्याहून एसटीने नगरला गेले. रात्री आजी भाकरी थापत होती. मी म्हटलं, "आजी, मामा पिऊन उशिरा यायचा तेव्हा तू काय करायचीस?"

"काय करणार? ताट झाकून ठेवायचे."

"रोज?"

"मग? आला नाही त्या दिवशीही ठेवायचे. सकाळी कुत्र्याला घालायचे."

"कधी वाटलं नाही, आता बास, यापुढे याचं ताट काढायचं नाही?"

आजीने तव्यावरची भाकरी उलटली. "वाटायचं की. रागाने म्हणायचेही. पण संध्याकाळ झाली की हात जायचाच ताटाकडे."

मी तिला लूकच्या पंधराव्या अध्यायातल्या बापाची आठवण करून दिली. धाकटा मुलगा सगळं उधळून परत येतो, तेव्हा तो अजून दूर असतानाच बाप त्याला पाहतो. म्हणजे बाप रस्त्याकडे बघतच असणार. मामाच्या मनात शेवटी काय होतं, तो परतीच्या वाटेला लागला होता की नाही, ते मला ठाऊक नाही. त्या वक्त्यालाही ठाऊक नाही. पण जो देव आईला ताट झाकून ठेवायला शिकवतो, तो स्वतः तेवढंही करणार नाही, हे मला पटत नाही. मी आजीला हे असंच सांगितलं.

ती बराच वेळ काही बोलली नाही. चुलीजवळच्या फळीवर 'उपासना संगीत'ची जुनी प्रत होती. मामा पेटीवर गाणी बसवायचा ती, पानांच्या कडांना पेन्सिलीने सूर लिहिलेली. तिच्याकडे बघत ती म्हणाली, "फाटकापर्यंत तर यायचा दर रविवारी. पावसातसुद्धा."

"हो."

मग तिने पदराला हात पुसले आणि माझ्याकडे वळून विचारलं, "आणि तू गं? तू जातेस का खरंच?"

मी खोटं बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. "नाही आजी. दोन वर्षं झाली."

मला वाटलं होतं ती रागावेल. ती म्हणाली, "मला माहीत होतं. गाणी कोणती झाली विचारलं की तू गडबडायचीस." आणि माझ्या ताटात अजून एक भाकरी वाढली. "परत आलेला मुलगा बापाच्या भरवशावर उधळायला गेला नव्हता, एवढं लक्षात ठेव. पुढच्या रविवारी गाणी कोणती झाली ते मी विचारणार आहे."

आता फोनवर तीनच प्रश्न असतात. चौथा ती विचारत नाही. तिसऱ्याचं उत्तर देताना मी गाण्यांचे नंबर सांगते.