मामाची फ्लॉपी

मुलांनो, संगणकाच्या पडद्यावर ‘सेव्ह’साठी एक चौकोनी चित्र असते ना, ते फ्लॉपीचे बरं का! खरी फ्लॉपी तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलीच नसेल. माझ्या मामाकडे मात्र एक आहे, सव्वापाच इंचांची, पातळ नि वाकणारी. १९९४ साली मामाने आजीच्या जात्यावरच्या ओव्या इंग्रजी अक्षरांत टाइप करून तिच्यात साठवल्या. आता आजी नाही. ओव्यांची वही वाळवीने फस्त केली. उरली ती फ्लॉपी.

फ्लॉपी कुठल्याही ड्राइव्हमध्ये चालेल, असे वाटते की नाही? पण तसे नसते. मामाची फ्लॉपी ३६० किलोबाइटची. तिच्या एकेका बाजूवर ४० गोल रेघा, चांगल्या रुंद. १९८४ साली आयबीएमच्या ‘पीसी एटी’ संगणकाबरोबर १.२ मेगाबाइटचा ड्राइव्ह आला. तो तेवढ्याच जागेत ८० रेघा बसवतो, म्हणून त्याचे हेड बारीक. बारीक हेडला रुंद रेघ सहज वाचता येते. लिहायला गेले की मात्र घोटाळा! फळ्यावरची जाड रेघ अरुंद डस्टरने पुसून बघा. मधला भाग पुसला जातो, कडा तशाच राहतात. तसेच इथे होते. मग जुन्या ड्राइव्हला जुने नि नवे एकदमच दिसते आणि धड काहीच वाचता येत नाही.

२०२२ साली मामाला एका दुरुस्तीवाल्याकडे १.२चा ड्राइव्ह मिळाला. ‘फक्त वाच, लिहू नकोस,’ हे त्याला सांगायचे कसे? सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेला एक खाच असते. ती चिकटपट्टीने झाकली, की ड्राइव्ह लिहीतच नाही. मामाने आधी खाच झाकली, मगच फ्लॉपी आत सरकवली.

खर्रर्र... बराच वेळ नुसता आवाज! बुरशीमुळे शेवटचा भाग गेला, पण ६१ ओव्या मिळाल्या. आई एक ओवी मोठ्याने म्हणू लागली नि मध्येच गप्प झाली. त्याच रात्री आम्ही सगळ्या ओव्या नव्या वहीत उतरवल्या.

तुमच्या घरी साडेतीन इंची कडक फ्लॉपी सापडली, तर तिची भोके मोजा. दोन असतील, तर बहुधा ती १.४४ मेगाबाइटची. जुन्या ७२० किलोबाइटच्या ड्राइव्हला ती वाचता येत नाही. एकच भोक असेल, तर ती ७२०ची, आणि १.४४च्या ड्राइव्हलाही चालते. हिचे लिहिणे बंद करायची रीत मात्र उलटी. छोटे झाकण सरकवून भोक उघडे ठेवायचे. मग आई-बाबांना विचारा, “यात काय आहे हो?” आणि वाचता येतेय तोवर उतरवून घ्या.