तीन टिंबं

माझ्या पोटावर वीतभर व्रण आहे. कुणी विचारलं की आई सांगायची, "लहानपणी पडली होती." मुलीला शीचं दुखणं होतं, हे चारचौघांत कसं सांगणार?

मागच्या वर्षी दादाला मुलगा झाला. दोन दिवस उलटले तरी पहिली काळी शी होईना. पोट फुगलं, हिरवी उलटी झाली. बायोप्सीत माझंच दुखणं निघालं: हर्शस्प्रुंग. कोपनहेगनच्या हॅराल्ड हर्शस्प्रुंग या बालरोगतज्ज्ञानं १८८६ साली त्याचं वर्णन केलं होतं. साधारण ५००० बाळांत एकाला होतं, काही घरांत पुन्हा दिसतं.

माझी तीन ऑपरेशनं झाली होती. कित्येक महिने पोटावर पिशवी होती. बाळाचं एकाच वेळी झालं. छोट्या छिद्रांतून दुर्बीण घालून बिघडलेलं आतडं सोडवलं, खालून ओढून कापलं, चांगलं आतडं जोडलं.

दवाखान्यात आई हळूच म्हणाली, "तुझ्या वेळी मी पपई खाल्ली होती गं."

तीस वर्षं ती हे मनात घेऊन जगली!

"आई, पोटात बाळ वाढताना आतड्यातल्या मज्जापेशी वरून खाली सरकत जातात. आमच्या वाटेतच थांबल्या. पपईचा काय संबंध?"

ती बराच वेळ रडली.

बाळाच्या पोटावर आता तीन टिंबं आहेत, तीही पुसट होतील. त्याला कुणी काही विचारणार नाही. पण शाळेतून कधी संडासला पळावं लागलं, तर कारण त्याला ठाऊक हवं. ते आत्या सांगेल, व्रण दाखवून.